शेठना आवडायचा तो चेंडू

धर्मा चेंडू टाकायला नेहमी बांधावरून यायचा. भातकापणी झाली की आमच्या राई गावातल्या शेतात आम्ही दांड्या रोवायचो. बाकीची मंडळी शेतातूनच धावत यायची, पण या गड्याला बांध लागायचा. लहानपणापासून डोक्यावर मिठाची टोपली घेऊन मिठागराच्या अरुंद बांधांवर धावलेला. पाऊल रेषेबाहेर पडेल तर शपथ. बांध संपला की एक उडी, आणि मागे यष्टिरक्षण करणाऱ्या माझ्या तळहातांची वाट लागायची. हातमोजे कुठले? जुन्या गोधडीच्या चिंध्या बांधायचो, तरी जेवताना घास उचलवत नसे. मी कुरकुरलो की म्हणायचा, "चेंडू हातात न्हाय रं बाबू, टाचेत असतो. तू माझ्या टाचेकडं बघ." बघून काय डोंबल कळणार?

आमचं मीठ घेणारे एक शेठ मुंबईच्या एका क्लबात खेळत. त्यांनी एकदा धर्माला पाहिलं आणि बोलर म्हणून क्लबात पगारी ठेवून घेतलं. गावभर बोभाटा झाला, आमचा धर्मा मुंबईत खेळणार. खेळणार कसला! सकाळ-संध्याकाळ जाळीत शेठलोकांना सरावाचे चेंडू टाकायचे, एवढंच काम. सामना आला की हा हद्दीबाहेर उभा. सुरुवातीलाच त्यानं शेठची दांडी उडवली, तर सेक्रेटरीनं बाजूला घेऊन समजावलं, की बाबा रे, शेठ इथं मारायला येतात, आऊट व्हायला नाही. मग धर्मा शिकला. कुणाला जरा बाहेर आवडतो, कुणाला पायांवर. तिथंच टाकायचा, अलगद.

मला भयंकर राग यायचा. "अरे, गावात लोकांच्या बॅटी फोडणारा तू, तिथं कसले लाड करतोस?" असं विचारलं की हसायचा. "शेठचं मन राखायचं. एक दिवस म्याचला घेतील ना, मंग बघ." त्या एका दिवसासाठी तो वर्षानुवर्षं तिथं झिजला.

महायुद्धाच्या काळात क्लबातली बरीच मंडळी पांगली आणि तो दिवस आला. सभासदांचेच दोन संघ होते, एकात बोलर कमी पडला. धर्माला पांढरी पँट मिळाली, बूट मिळाले. मी पहाटेच्या गाडीनं मुद्दाम बघायला गेलो. नवा चेंडू त्याच्या हातात, आणि समोर बॅट घेऊन तेच शेठ. धर्मा धावत आला तो झकास. चेंडू पडला मात्र पायांवर, शेठना आवडतो तिथं. चौकार. दुसरा तिथंच, तिसराही तिथंच. कप्तान खेकसला, धर्मानं मान हलवली आणि पुन्हा तिथंच टाकला. दोन षटकांत चेंडू काढून घेतला. शेठ त्याच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "धर्मा, तेरे जैसा बोलर नहीं." मनापासून म्हणाले, हेच वाईट.

धर्मा गावी परतला, पुन्हा मिठागरात लागला. क्लबाचं नाव काढत नसे. एके दिवशी मीच बॅट घेऊन त्याला शेतात ओढून नेलं. म्हटलं, इथं कोणी शेठ नाही, टाक. तो धावत आला. चेंडू माझ्या बॅटवर असा येऊन बसला, की मी पार खाडीकडं भिरकावला. पुढचाही तसाच, मऊ, मला हवा तिथं.

मी बॅट खाली टाकली. "धर्मा, मला आऊट कर रे."

तो आपल्या उजव्या हाताकडं बघत राहिला. "करतोय ना. ऐकत न्हाय तो."

पुढे दोन-तीन पावसाळ्यांत धर्मा तापानं गेला. त्याची आठवण आली की मनात एकच साधी गोष्ट येते. त्यानं एकदा, फक्त एकदा, माझी मधली दांडी उडवायला हवी होती.