खंडेनवमीची फूटपट्टी

आमच्या अप्पांना कोणतीही नवी वस्तू दाखवली की ते आधी विचारतात, ‘‘बिघडली की काय करते?’’ त्यांची सगळी हयात कारखान्यातली मोजमापाची यंत्रं तपासण्यात गेली, त्यामुळे वस्तू चालते कशी याचं त्यांना फारसं कौतुक नाही. फोनने उघडणारं कुलूप मी हौसेनं आणलं, तर आपल्या कानडीमिश्रित मराठीत म्हणाले, ‘‘फोन झोपला की मी माझ्याच दाराबाहेर, अल्लवा, खरं ना? बेडा ग, नको, परत दे.’’ पण बस कुठवर आली ते फोनवर बघायला आमच्या गल्लीत त्यांनीच सगळ्यांना शिकवलं. माणूस जुन्या वळणाचा नाही, फक्त संशयी आहे.

खंडेनवमीला, म्हणजे इथल्या आयुधपूजेला, म्हैसुरातल्या एकूण एक गाड्या शेवंतीच्या माळा घालून उभ्या असतात. आमच्या घरी मात्र स्कूटरच्या पूजेआधी ती चालवणाऱ्याची तपासणी होते. त्यासाठी एक लाकडी फूटपट्टी आहे. एकाने ती उभी धरायची, दुसऱ्याने तिच्या खालच्या टोकाशी चिमूट उघडी ठेवायची आणि न सांगता सोडलेली पट्टी पकडायची. पट्टी जितकी जास्त निसटेल तितका हात मंद. अप्पांनी तिच्यावर लाल रेघ मारून ठेवली आहे. रेघ चिमटीतून निसटली, तर गाडी बंद. नियम त्यांचाच. शेजारी हसतात. मीही हसायचे.

यंदा हसू येत नव्हतं. उन्हाळ्यात अप्पा एका रिक्षाला घासून, आरसा मोडून घरी आले. मी बंगळूरहून फोनवर त्यांच्याशी कडाकडा भांडले. आता पुरे, गाडी सोडा. पण आईचे गुडघे बसच्या पायऱ्या चढू देत नाहीत. देवळातलं भजन असो की बन्नूरची मावशी, ती जाते ती अप्पांच्या मागे बसून. वाटेत दोघं काय बोलतात देव जाणे, पण परत येतात ती हसत. गाडी सुटली की ते सगळं जाईल, हे मलाही कळत होतं. अप्पा एवढंच म्हणाले, ‘‘नवमीला पट्टी ठरवेल. तू नको, मीही नको.’’

नवमीच्या सकाळी पट्टी मी धरली. पहिल्यांदा त्यांनी पकडली ती रेघ निसटून गेल्यावर. दुसऱ्यांदा ती सरळ फरशीवर पडली.

आई कुंकवाची वाटी घेऊन दारात उभी होती. आणि गाडी सोडा म्हणून इतके दिवस मागे लागलेली मी चक्क म्हणाले, ‘‘पंख्याच्या वाऱ्याने हलली, अप्पा. पुन्हा घेऊ.’’

त्यांनी उठून पंखा बंद केला. पट्टी पुन्हा पडली.

‘‘आणखी एकदा?’’

‘‘आय्तु, झालं,’’ ते म्हणाले. ‘‘उत्तर आवडलं नाही म्हणून मोजत बसायचं नसतं.’’

मला त्यांचा राग आला. त्यांच्याइतका सरळ माणूस मी पाहिला नाही, असंही त्याच क्षणी वाटलं.

मग नेहमीसारखी पूजा झाली. स्कूटरला माळ घातली, कोहळा फोडला, चाकांखाली लिंबं ठेवली. ती चिरडून गाडी जरा फिरवून आणायची असते. अप्पांनी किल्ली माझ्या हातात दिली. गिअरची स्कूटर मला त्यांनीच शिकवली होती. ते मागे बसायला लागले तेव्हा आई म्हणाली, ‘‘घट्ट धरा हं. मागं बसल्यावर खड्डे आधी दिसत नाहीत.’’ अप्पा हसले, पण थोडंच.

लिंबं फुटली, आम्ही निघालो. गल्लीच्या टोकाला वळायच्या जरा आधी माझ्या डाव्या खांद्यावरची त्यांची बोटं आवळली आणि हळूच सैल झाली. वाटलं, घाबरले. पुढच्या वळणाला पुन्हा तेच. मग कळलं, ते क्लच दाबत होते. मला समोरचं धूसर दिसायला लागलं.

एक फेरी मारून परत यायचं ठरलं होतं. मी त्यांच्या बोटांबरोबर गिअर बदलत तळ्यापर्यंत गेले.