रिबाला कुणी विचारलं?

विजू,

भवानीनगरच्या स्टँडवर मला एसटीत बसवायला चर्चची अख्खी मंडळी आली होती, तेव्हा तू बारा वर्षांची होतीस. पाळकसाहेबांनी रस्त्याच्या कडेलाच डोळे मिटून प्रार्थना सुरू केली, ती संपेना. मागं उसाचा ट्रॅक्टर अडकला, हॉर्न वाजवून ड्रायव्हर दमला. मी अठरा वर्षांचा, नव्या पँटीत, पाळक व्हायला बेंगळुरूच्या सेमिनरीत निघालो होतो. आई रडली नाही. भेटेल त्याला सांगत होती, "ह्यो आमचा न्हायच. प्रभूचा हाय. आमी फकस्त सांभाळला." पप्पा कारखान्यातून तसेच आले होते, हाताला ग्रीस. त्यांनी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईकडं पाहिलं आणि मिटलं. त्या मिटलेल्या तोंडाचा राग मला अजून येतो.

मी सहा वर्षांचा असताना मला कावीळ झाली, हे तू ऐकून आहेस. बारामतीच्या दवाखान्यात खाटेशी गुडघे टेकून आईनं नवस केला, ह्याला वाचव, तुझ्या सेवेला देते. मी वाचलो. डॉक्टरांनी आठ दिवस सलाईन लावलं होतं, त्यांचं नाव कुणी घेतलं नाही. त्या दिवशी माझ्या आयुष्याचा हेतू ठरला. मोठेपणी कोण होणार, हे वर्गातल्या प्रत्येक पोराला विचारायचे. मला कधी कुणी विचारलं नाही.

सेमिनरीत पहिल्याच आठवड्यात प्रत्येकानं उठून साक्ष द्यायची होती, देवानं आपल्याला कसं बोलावलं त्याची. एकाला स्वप्न पडलं होतं. एकाला भर बाजारात पवित्र शास्त्रातलं वचन आठवलं होतं. माझ्याकडं काहीच नव्हतं. मी म्हणालो, आमच्या रानात उसाला पाणी धरताना मला हाक ऐकू आली. आपल्याला रान कधी होतं, विजू? पण सगळे 'आमेन' म्हणाले. मग चार वर्षं मी खऱ्या हाकेची वाट बघितली. उपास केले, टेकडीवर जाऊन एकटा बसलो. मेसच्या घंटेशिवाय काही ऐकू आलं नाही, आणि हे कुणाला सांगायची सोय नव्हती.

पुढं पुण्याजवळच्या एका मंडळीत मला सहायक पाळक म्हणून नेमलं. दुसऱ्या वर्षी तिथली पाच वर्षांची एक मुलगी तापानं गेली. दफनाच्या वेळी मी शिकवल्याप्रमाणे बोललो, ही देवाची योजना होती. तिची आई माझ्यासमोर येऊन उभी राहिली. इंदापूरकडचीच होती, आपल्यासारखं बोलणारी. ओरडली नाही. म्हणाली, "म्या बी गुडघं टेकलं व्हतं. म्या बी लई कबूल केलं व्हतं. मग माझंच का न्हाय ऐकलं? तुमाला खरंच ठावं हाय का?"

"नाही," मी म्हणालो.

सेवेत आल्यापासून माझ्या तोंडून निघालेला तो पहिला खरा शब्द. कमिटीनं बोलावून घेतलं, माफी मागा म्हणाली. मी राजीनामा दिला आणि घरी आलो. आईनं उंबऱ्यातच अडवलं. "देवाला दिल्यालं परत घिऊन आलास? चोर हायस तू!" मी आयुष्यात कुणाची टाचणी उचलली नव्हती. माझंच आयुष्य मी चोरलं म्हणे! पप्पांनी ताट वाढलं, समोर बसून राहिले, आणि तेव्हाही काही बोलले नाहीत.

इथं इंग्लंडात, लीड्सला मी आलो ते कुणी बोलावलं म्हणून नाही. व्हिसा मिळाला म्हणून आलो. केअर होममध्ये कामाला लागलो. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. तिथं जन्मभर माळीकाम केलेले एक म्हातारे होते, अर्धांगवायूनं वाचा गेलेले. एक वाटी लापशी भरवायला पाऊण तास लागायचा. एकदा शिफ्ट संपल्यावरही मी चमचा धरून बसलो होतो. सुपरवायझरनं विचारलं, अजून घरी का गेला नाहीस? त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटलं की आत्ता मी जिथं असायला पाहिजे तिथं आहे. हाक नव्हती, टाळ्या नव्हत्या. मी आपणहून बसलो होतो.

विश्वास सोडला, असं आई सगळ्यांना सांगायची. सोडलेला नाही. दर रविवारी चर्चमध्ये मागच्या बाकावर बसतो. येशूशी बोलतो, पुष्कळदा भांडतो. त्यानं कधी आईकडं माझा नवस मागितला होता, असं मला वाटत नाही. तो सौदा आपल्या माणसांचा.

आणि मग गेल्या रविवारी तुझा फोन. तुझी रिबा डेंग्यूतून उठली म्हणून मला रडू फुटलं, आणि तू पुढं म्हणालीस, "दादा, म्या उपासनेत उभी ऱ्हाऊन कबूल केलंय. रिबाला प्रभूच्या सेवेला द्यायची." तुझा आवाज हुबेहूब आईचा आला. मी विचारलं, तिला विचारलंस का? तू म्हणालीस, "लेकरू हाय ती. तिला काय कळतंय?" माझ्या तोंडून शिवी गेली. तू फोन ठेवलास. शिवीबद्दल माफी मागतो, रागाबद्दल मागत नाही. तू सगळं डोळ्यांनी पाहिलं होतंस, विजू. उंबऱ्यात मी उभा होतो तेव्हा तू चुलीपाशी होतीस.

काल रिबानं स्वतः फोन केला. तेरा वर्षांची पोर, कुजबुजत होती. "मामा, माझं नाव घेतलं तवा समदे टाळ्या वाजवत व्हते. मला न्हाय म्हणताच आलं न्हाय."

"तुला काय वाटतं?"

"अजून ठावं न्हाय."

"मग तेच सांग आईला."

"ती रडंल."

"रडू दे. मी येतोय."

डिसेंबरची रजा मंजूर झाली आहे. इथं लोक विचारतात, घरी चाललास का? मी 'हो' म्हणतो आणि खात्री नसते. आई-पप्पा गेल्यावर ते घर तुझं झालं. रिबा तुला 'अजून ठावं न्हाय' म्हणेल, तेव्हा तू तिला काय म्हणतेस, त्यावरून ते माझंही आहे की नाही हे मला कळेल.

दादा