पायी फेरी

चार वर्षं फौजेत होतो, सिग्नलमध्ये. आता यूएईच्या डोंगरात, नगरपालिकेच्या छोट्या विमानतळावर सेफ्टीला आहे. एक रनवे, एक विंडसॉक, एक फायर गाडी, फ्लाइंग क्लबची आठ-दहा चिमुकली विमानं. लँडिंगच्या आधी जीपने रनवेची फेरी मारायची, कुंपण बघायचं, रेडिओवर ‘रनवे क्लिअर’ म्हणायचं. बस. पाय स्थिर राहायचे नाहीत, तोंड तर नाहीच.

फेरी मारायला मला हवालदार घोलपांनी शिकवलं. आमची पोस्ट बर्फात होती. हेलिकॉप्टर यायच्या आधी घोलप हेलिपॅड पूर्ण चालून काढायचे. “जाधव, पॅड पायाने बघायचं. डोळे फसवतात.” पोस्टवर मी सगळ्यांच्या नकला केल्या, कंपनी कमांडरसकट. घोलपांची केली तेव्हा ते हसले नाहीत. म्हणाले, “आवाज जमला. आता चाल जमव.”

इथे माझं पब्लिक म्हणजे एकटा जोसेफ. वसईचा, रेडिओ रूममध्ये बसतो. कुंपणापलीकडे सालेम चाचा शेळ्या चारायचे. मी त्यांची हाक उचलली. “हो-हर्रर्र, तआ, तआ!” पहिल्याच दिवशी अख्खा कळप तारेला येऊन चिकटला. मी शिळा खुबूस, इथली रोटी, टाकला. मग रोज चारच्या चहाला हाच शो. जोसेफ पोट धरून हसायचा. “अरे, बकऱ्यांना ड्यूटीवर घेतलंस काय?”

त्या दिवशी क्लबच्या आर्याची पहिली सोलो होती, विमानात एकटीच. एकोणीस वर्षांची, अबू धाबीच्या खलिफा सिटीत वाढलेली.

“घाबरलीस काय गं?”

“नॉट ॲट ऑल, दादा.” हेडसेट दोनदा हातातून निसटला.

1542 ला टेकऑफ. 1555 ला जोसेफ रेडिओवर आला. “किनाऱ्याकडून धूळ येतेय. पोरीला परत बोलावलंय. जाधव, फेरी. यल्ला!”

मी जीप पळवली. शेवटचा तुकडा लांबूनच बघितला. “रनवे क्लिअर.”

चार वाजले. मी कुंपणाशी नव्हतो, म्हणून शेळ्याच मला शोधत आल्या. तारेखाली पाण्याने खड्डा पडला होता, तिथून.

1603. “जाधव! रनवेवर शेळ्या!”

आर्या अगदी खाली आली होती. जोसेफने तिला सांगितलं, “रनवे ब्लॉक्ड. गो अराउंड.”

“गोइंग अराउंड.” आवाज बारीक झाला होता. विमान माझ्या डोक्यावरून वर गेलं. पश्चिमेचा डोंगर धुळीत दिसेनासा झाला होता. एक चक्कर म्हणजे चार मिनिटं. त्यानंतर रनवे तिला दिसणारच नव्हता.

हॉर्न मारला. शेळ्या पांगल्या, रनवेभर. जीप कडेला लावून उतरलो. हाक मारली, ती माझ्याच आवाजात आली. एकही शेळी वळली नाही. दुसरी हाक सालेम चाचांच्या आवाजात आली. कुंपणाकडे पळालो, कळप मागे; खिशातला खुबूस तिथे टाकला, त्यावर सगळ्या तुटून पडल्या.

“जाधव, क्लिअर?”

इथून क्लिअरच दिसत होता.

“थांब.”

परत पळालो, शेवटच्या तुकड्याकडे, आणि अडखळलो. करडू. डांबराच्या रंगाचं, रनवेला पोट टेकून बसलेलं. उचललं आणि बाहेर धावलो.

“रनवे क्लिअर. पायाने बघितला.”

1607. विमान एकदा उसळलं, मग टेकलं. आर्या उतरली आणि पंखाला धरून उभी राहिली. “दादा, पाणी आहे?” तिच्याकडून मराठी मी पहिल्यांदा ऐकली.

जोसेफने रिपोर्ट उघडला. “शेळ्या घुसल्या, लिहितो. खलास.”

“माझ्या हाकेला सवकल्या होत्या, म्हणून घुसल्या. लिही. आणि शेवटचा तुकडा मी बघितला नव्हता.”

“नोकरी जाईल, हबीबी.”

“लिही.”

नोकरी राहिली, वॉर्निंग लेटरवर भागलं. पण जोसेफला एक गोष्ट सांगितली नव्हती. बर्फातल्या पोस्टवर एका सकाळी आजारी जवानाला न्यायला हेलिकॉप्टर येणार होतं. फेरी माझी होती. थंडी फार होती, अर्ध्यातून परतलो, क्लिअर म्हणालो. घोलपांनी माझ्या जवळजवळ कोरड्या बुटांकडे बघितलं. उरलेलं अर्धं चालायला गेले. 0710 ला वरून बर्फ सुटला, घोलप त्याखाली गेले.

आता मी फेरी पायी मारतो, पूर्ण. परवा जोसेफ खिडकीतून ओरडला, “काय रे, आज कोणाची नक्कल? ही चाल तुझी नाही!”

“हवालदार घोलप,” मी म्हटलं, आणि शेवटच्या तुकड्याकडे गेलो.