सोवळ्याची खाच

त्याचे हात पहिल्यांदा पाहिले तेव्हा मला वाटलं, हा कुठल्यातरी हॉटेलात भांडी घासतो. बोटांच्या पेरांना चिरा पडलेल्या, त्यांतून रक्त येऊन सुकलेलं, नखं मुळापर्यंत कापलेली. लंडनजवळ वॉटफर्डच्या माझ्या घरातली वरची खोली रिकामी होती आणि माझ्या मुलाने पिनरहून फोन करून सांगितलं होतं, की भाड्याने राहायला एक डॉक्टर पाठवतोय, नागपूरचा आहे, शांत आहे. मी दारातच विचारलं, “तू डॉक्टर?”

“औषधाचा नाही आजी, फिजिक्सचा.”

“मग हातांना काही क्रीम तरी लावत जा.”

“नाही लावता येत. तेल असतं त्यात.”

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकलं की माझ्याही तोंडात बसलं. दाराच्या कडीला तेल असतं, चष्म्याच्या काडीला असतं, कपाळाला असतं. मी डब्यातल्या पोळ्या फॉइलमध्ये गुंडाळायची, तर तो म्हणाला की कारखान्यात लाटताना ह्या फॉइललाही तेल लागतं आणि ते पूर्ण जात नाही. मी म्हटलं, पोळीलाही लावलंय, दोघं बघून घेतील आपसात. आईने दिलेली खोबरेलाची बाटली तो फक्त शनिवारी उघडायचा आणि रविवारी दोनदा डोकं धुवायचा. लंडनच्या ट्रेनमध्ये तो दांडा धरायचा नाही. कामावर पोचला की कोपरापर्यंत हात धुवायचा, मग हातमोजे घालायचा, त्यांवर आणखी एक जोड.

मी त्याचं नाव सोवळ्या ठेवलं. माझी आई वाईला एका घरी भांडी घासायची. तिने घासून पालथी घातलेली भांडी त्या घरच्या बायका पुन्हा पाणी ओतून मगच आत न्यायच्या. पायरीवर बसून मी ते पाहिलेलं आहे, त्यामुळे सोवळं म्हणजे काय ते मला शिकवायला नको. हा त्या बायकांच्याही वरताण होता. मी हाक मारली तेव्हा तो हसला, आणि मग म्हणाला, “आजी, आमच्या घरात हा शब्द हसून कोणी बोलत नाही. माझ्या आज्याला गावच्या विहिरीला हात लावू देत नव्हते.”

“मग बदलते नाव.”

“नका बदलू. आता मी ठरवतो ना, कोणी हात लावायचा न् कोणी नाही. माझ्या भांड्याला प्रोफेसरसुद्धा मोज्याशिवाय शिवत नाही.” हे बोलताना त्याची मान जरा ताठ झाली होती. एरवी तो मान खाली घालूनच चालायचा.

ते भांडं म्हणजे काय, हे मी त्याच्याकडून वदवून घेतलं. मी चौथी शिकलेली, पण घरात राहणारा माणूस दिवसभर काय करतो ते मला कळायला लागतं. त्याने एकदा सिलिकॉनची फुटकी चकती रुमालात बांधून आणून दाखवली. आरशासारखी होती, काळपट. म्हणाला, कॉम्प्युटरच्या पोटात ह्याचेच तुकडे असतात. स्टीलच्या जाड भांड्यात तो अशी चकती ठेवायचा, भांड्यातली हवा काढून घ्यायचा, चकती भयंकर गार करायचा आणि एका नळीतून कसलासा वायू चिमूटभर आत सोडायचा. वायूचे रेणू चकतीवर जाऊन बसायचे. ते कसे बसतात, हे त्याला बघायचं होतं.

“एवढे बारीक दिसतात?”

“दिसत नाहीत ना! समजा पंगत अंधारात बसली. कोण बसलं ते दिसत नाही, पण प्रत्येकाची आवड वेगळी. मी सगळ्या तऱ्हेचा उजेड वाढतो आणि काय उरलं ते बघतो. जो उजेड कोणी खाल्ला, तिथे कागदावरच्या रेषेत खाच पडते. खाचेवरून कळतं, कोण बसलंय.”

“मग एवढं धुवायचं कशाला?”

“बिनबोलावता कोणी बसलं तर तोही जेवतो ना, आजी.”

त्याला एक खाच सापडली होती. अपेक्षित जागेपासून जरा बाजूला. रेणू चकतीवर नव्याच तऱ्हेने बसतात, असा त्याचा अर्थ होता म्हणे, आणि असं आधी कुणी पाहिलं नव्हतं. ते मासिकात छापून आलं. त्याच्या वडिलांनी नागपुरात सगळ्या वस्तीला पेढे वाटले. त्या खाचेवर पुढच्या कामाच्या पैशांची मंजुरी यायची होती. मंजुरी आली की नोकरी वाढणार, नोकरी वाढली की व्हिसा, व्हिसा आला की बायको आणि लहान मुलगी इकडे येणार. मुलगी जन्मली तेव्हा तो इथेच होता. चॅरिटीच्या दुकानातून त्याने तिच्यासाठी पिवळा रेनकोट आणला. मी म्हटलं, “येईपर्यंत आखूड होईल.” तो म्हणाला, “तुम्ही काऊन असं बोलता?” मी म्हटलं, पोरं वाढतात म्हणून.

बायको रविवारी फोन करायची. आठवड्यातून एखादे वेळी हा फोनकार्ड खरवडून करायचा. जिन्यावर बसून बोलायचा, दार उघडं असायचं. “हो, समरमध्ये नक्की. हो, कौन्सिलची शाळा जवळच आहे. अगं, थंडी म्हणजे काही मरत नाही कोणी.” तिचं बोलणं मला ऐकू यायचं नाही, पण ती दर वेळी तेच विचारत असणार.

मग दुसऱ्या देशातल्या एका प्रयोगशाळेतून विचारणा आली. त्यांनी तोच प्रयोग केला होता आणि त्यांना खाच दिसत नव्हती. तुमच्याकडे काय वेगळं आहे, असं त्यांनी सभ्यपणे विचारलं. सोवळ्या काही दिवस त्यांच्यावर चिडून होता. “त्यांचं भांडं घाण असेल,” म्हणाला. स्वतःची त्याला खात्री होती, कारण वायू न सोडता कोरी चकती तपासल्याशिवाय तो कामाला सुरुवातच करायचा नाही. कोरीवर कधी काही दिसलं नव्हतं. वायू सोडला की खाच पडायची. मग ती वायूचीच असणार, दुसऱ्या कुणाची?

तरी त्याने एकदा त्याच नळीला आरगॉनची बाटली लावली. आरगॉन म्हणजे कुणाशी संबंध न ठेवणारा वायू. त्याची खाच पडतच नाही. तो सोडला आणि खाच आली. त्याच जागी, तशीच.

त्या दिवशी तो दुपारीच घरी आला. कोट न काढता किचनमध्ये बसला. मी ताट वाढलं. पहिल्यांदाच तो हात न धुता ताटावर बसला आणि भातात बोटं घालून तसाच राहिला.

“तेल होतं, आजी.”

“कसलं तेल?”

“पंपाचं. इतकी वर्षं मी तेल मोजून राहिलो.”

वायूच्या नळीतली हवा काढायला एक जुना पंप होता. त्याच्या पोटातल्या तेलाची वाफ उलटी नळीत यायची, तिथे बसायची आणि नळी उघडली की वायूबरोबर भांड्यात जायची. कोरी चकती तपासताना तो नळी उघडतच नव्हता, म्हणून ती कोरी राहायची. त्यातून त्याचा वायूही तेलाच्याच जातीचा, त्यामुळे खाच जवळपास योग्य जागी पडायची. जरा बाजूला पडायची, आणि त्या ‘जरा बाजूला’लाच त्याने शोध म्हटलं होतं. बोटाला क्रीम न लावता रक्त काढलं, आणि तेल आलं ते त्याने स्वतः जोडलेल्या नळीतून.

शनिवारी त्याचा प्रोफेसर माझ्या घरी आला. उंच, वाकलेला, निवृत्तीला टेकलेला गोरा. माझं इंग्रजी बसमधलं आणि दुकानातलं, पण ते दोघं काय बोलत होते ते कळायला तेवढं पुरलं. प्रोफेसर म्हणाला, मंजुरीचा निकाल वसंतात आहे. तोपर्यंत तुझी खात्री झालेली नाही असं धर. आणखी तपासण्या कर. यात खोटं काही नाही.

“माझी खात्री झाली आहे,” सोवळ्या म्हणाला.

“या मंजुरीवर आणखी दोघांच्या नोकऱ्या आहेत. एकीचं बाळ अजून वर्षाचं नाही.”

“माझंही लहानच आहे.”

प्रोफेसरने हातातलं बिस्किट बशीत ठेवलं. माणूस वाईट नव्हता. जाताना त्याने मला सांगितलं, तुम्ही त्याच्या आजीसारख्या आहात, त्याला समजवा.

मी समजावलं. “गप्प बस,” म्हटलं. “तू चोरी केली नाहीस. बायको-पोर इकडे आण, मग काय सांगायचं ते सांग.”

“तोपर्यंत आणखी लोक त्याच्यावर काम करतील. तिकडे एक पोरगा त्याच्यावरच पीएचडी करून राहिला, आजी. त्याला खाच सापडत नाही. त्याला वाटत असेल, आपल्याला जमत नाही.”

“तू काय त्याचा काका लागतोस?”

तो हसला, आणि हसता हसता त्याचा चेहरा वेडावाकडा झाला. मी चहा टाकायला उठले. रडणाऱ्या पुरुषाकडे बघत बसणं मला जमत नाही.

नंतरचे आठवडे वाईट गेले. त्याने लगेच कुणाला सांगितलं नाही. त्याने पंप बदलला, नळी फेकून नवी लावली, सगळं भांडं तापवून तापवून कोरडं केलं. त्याला वाटत होतं, तेलाच्या खाचेखाली खरी खाच लपलेली असेल, लहान का होईना. ती सापडली तर सगळंच वाचत होतं. रोज संध्याकाळी मी दार उघडायची आणि त्याचं तोंड बघायची. विचारायची गरज पडली नाही. जेवण अर्धं राहायचं. दुसरीकडे नोकरी शोध म्हटलं, तर म्हणाला, “अर्जात काय लिहू? माझं काम म्हणजे ती खाचच आहे ना.” बायकोचा फोन आला की म्हणायचा, आजी, बाथरूममध्ये आहे म्हणून सांगा. मी दोनदा सांगितलं. तिसऱ्यांदा त्याच्या हातात फोन दिला आणि बाहेर गेले.

शेवटी एके दिवशी तो म्हणाला, “रेषा सरळ आहे. आरशासारखी. काहीच नाही तिथे.”

मला वाटलं, आता तरी गप्प बसेल, कारण धरून बसायलाही काही उरलं नव्हतं. उलट झालं. दुसऱ्या दिवशी त्याने मासिकाला कळवलं, मंजुरी देणाऱ्यांना कळवलं आणि त्या परदेशातल्या पोराला स्वतः फोन केला. तो फोन माझ्या हॉलमधूनच केला. बराच वेळ नळीबद्दल बोलत होता. शेवटी म्हणाला, नाही, चूक तुझी नव्हती.

मंजुरी आली नाही. लहान बाळवालीला दुसरीकडे काम मिळालं, दुसऱ्याला मिळालं नाही आणि तो सोवळ्याशी पुन्हा बोलला नाही. व्हिसा संपत आला. या काळात त्याचे हात बरे होत गेले, कातडी मऊ झाली. मला ते बघवत नव्हतं. रेनकोट त्याने बॅगेत भरला, मी काही बोलले नाही. हीथ्रोच्या बसपर्यंत मी सोडायला गेले. तो वाकला, तर मी म्हटलं, रस्त्यात पाया पडू नकोस, लोक अडखळतील. बस आली, गेली. मी बाजार करून घरी आले.

नागपुरात त्याला प्रयोगशाळा मिळाली नाही. एका क्लासमध्ये बारावीच्या मुलांना फिजिक्स शिकवतो, असं कळलं. मीच एकदा फोन केला. बायकोने उचलला. मी कोण ते सांगितल्यावर ती म्हणाली, “तुम्ही तरी समजवायचं होतं ना त्यांना, आजी.”

“समजावलं होतं.”

“मग?”

“ऐकलं नाही.”

“माझंही नाही ऐकलं,” ती म्हणाली. “मला विचारलंसुद्धा नाही.” आणि फोन त्याच्याकडे दिला.

तब्येत, पाऊस, माझे गुडघे, सगळं झालं. मग मी सरळ विचारलं, “पस्तावतोस का?”

“रोज,” तो म्हणाला. मागे कुकरची शिट्टी झाली, मुलगी काहीतरी ओरडली. “वर्गात उभा असतो तेव्हापण. रोज पस्तावतो, आजी.”

“आणि?”

“आणि काय? तेलच होतं ना ते.”

मी त्याला गप्प बसायला सांगितलं होतं, आजही तेच सांगेन. त्याची बायकोही तेच सांगेल. आम्ही दोघी बरोबर आहोत, हे त्यालाही माहीत आहे.