बसून घेतलेला प्याला

७ नोव्हेंबर, मंगळवार. ऑटवा. सकाळी पाऊस आणि बर्फ एकत्रच. शिंप्याकडून रॉडीचा काळा कोट आणला. खांद्यात सैल केलाय, आता बरा बसतो. संध्याकाळी सिनेटच्या सभापतींचं जेवण. राणीच्या नावाने प्याले उचलले तेव्हा सगळे उभे राहिले. रॉडी बसून राहिला.

त्या दिवशी मी एवढंच लिहिलं. पुढे काही लिहवेना.

माझा नवरा रॉडरिक गिलिस केप ब्रेटनचा, कोळशाच्या खाणीत काम करणाऱ्याचा मुलगा. "बाप जमिनीखाली गेला म्हणून हा पाण्यावर पळाला, जमिनीवर राहायचं कुणालाच जमलं नाही," असं त्याची आई म्हणायची. नौदलात तो कमोडोर झाला, विनाशिका चालवली, आणि आमच्या हॅलिफॅक्सच्या घरात पाहुण्यासारखा येत-जात राहिला. निवृत्त झाल्यावर खरी पंचाईत झाली. पहिल्याच वसंतात त्याने शेजाऱ्याचं कुंपण न विचारता रंगवून टाकलं. शेजारी म्हणाला, "थेरेसा, याला कुठेतरी लाव, नाहीतर उद्या मला रंगवील." म्हणून ऑटवाहून सिनेटच्या नोकरीची विचारणा आली तेव्हा मी चर्चमध्ये जाऊन मेणबत्ती लावली.

पदाचं नाव ब्लॅक रॉड. सभागृहाची सगळी व्यवस्था त्याच्याकडे. पण लोकांना माहीत असतो तो एकच दिवस. नवं अधिवेशन उघडताना ब्लॅक रॉडने काळी छडी घेऊन कॉमन्स या निवडून आलेल्यांच्या सभागृहापर्यंत चालत जायचं. तिथे त्याच्या तोंडावर दार आपटतात. राणीचा माणूस बोलावल्याशिवाय आत येत नाही, हे दाखवायला. मग त्याने छडीने दार ठोठावायचं, आत जाऊन वाकायचं, आणि सदस्यांना सिनेटमध्ये येण्याचा निरोप इंग्रजीत आणि फ्रेंचमध्ये द्यायचा. हातात कागद न धरता. ज्याच्यासाठी जहाजावर शिट्टी वाजली की माणसं ताठ उभी राहायची, तो हा अपमान करून घ्यायला दर वेळी बूट स्वतः घासायचा.

त्या जेवणात सिनेटर मिसेस ओकहर्स्ट समोर बसल्या होत्या. प्याला खाली ठेवत त्या म्हणाल्या, "काय कमोडोर, राणीसाहेबांशी भांडण झालंय वाटतं?"

रॉडीने एक क्षण इकडेतिकडे पाहिलं. मग म्हणाला, "बाई, नौदलात आम्ही हा प्याला बसूनच घेतो. जुन्या जहाजांची छतं ठेंगणी. उभं राहिलं की टाळू फुटायची."

सगळे हसले. त्याचा साहाय्यक मार्सेल तेरियो तर टाळी देत म्हणाला, "साहेब, इथलं छत बघा तरी!"

मी हसले नाही. नौदलाची रीत खरीच आहे. पण बाहेरच्या लोकांत रॉडी सगळ्यांच्या आधी उभा राहायचा, हे मी जन्मभर शेजारी बसून पाहिलं होतं. त्याने एक क्षण इकडेतिकडे पाहिलं, तेव्हा आपण कुठे आहोत हेच तो शोधत होता.

दुसऱ्या दिवशी न्याहारीला मी तसं सरळ म्हटलं.

"दमलो होतो, ट्रेस."

"दमल्यावर माणूस जांभई देतो."

"झालं तुझ्या शाळेतल्या नन्सचं शिकवणं सुरू!" असं म्हणून तो ताट तसंच टाकून उठला. मग आठवडाभर घरात तो एका जागी बसला नाही. जिना वर, जिना खाली. तळघरातून त्याचा आवाज यायचा, तोच निरोप, पुन्हा पुन्हा. इंग्रजी सुरळीत. फ्रेंच अर्ध्यात थांबायचं, आणि मग काहीतरी आपटल्याचा आवाज.

अधिवेशनाच्या आदल्या दुपारी तो वर आला, छडी धरावी तशी छत्री धरून. "पाठ झालंय का, विचार मला."

मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतलं. त्याने ठोठावलं, आत आला, वाकला. इंग्रजी म्हटलं. फ्रेंच सुरू केलं आणि थांबला.

"पुन्हा," तो म्हणाला.

पुन्हा तिथेच थांबला. मी पुढचा शब्द सांगायला तोंड उघडलं.

"सांगू नकोस. तिथे कोण सांगणार आहे?" तो खुर्चीत बसला. "माझ्या जहाजावर एखादा असा असता, तर मी त्याला सुकाणूजवळ उभं केलं असतं का?"

त्याने फोन उचलला. "मार्सेल, उद्या दार तू ठोठाव. सभापतींशी मी बोलतो."

पलीकडून मोठ्याने आवाज आला, "साहेब, चेष्टा करताय?"

"केली असती तर तुला कळली असती का?"

दुसऱ्या दिवशी टीव्ही लावून मी बसले. तो बसेना. फावडं घेऊन बाहेर गेला, बर्फ उपसलेलीच वाट पुन्हा उपसू लागला. पडद्यावर मार्सेल निघाला आणि हा बुटांसकट आत आला, माझ्या खुर्चीमागे उभा राहिला. दार आपटलं. मार्सेलने ठोठावलं.

"जोरात," रॉडी म्हणाला. "जोरात रे!"

मार्सेलने दोन्ही भाषांत निरोप दिला, कुठेही न अडखळता. सदस्य उठले, त्याच्या मागून चालू लागले. पडदा रिकामा झाला तरी रॉडी तिथेच.

"बरा म्हणाला ना?" त्याने विचारलं.

"छान म्हणाला."

"मग आता मी काय करू, ट्रेस?"

"आधी बूट काढ," मी म्हटलं.

त्याने खाली पाहिलं. दारापासून खुर्चीपर्यंत बर्फाचं पाणी झालं होतं.

त्या संध्याकाळी मी लिहिलं: हॉलमधला भिजलेला गालिचा दोघांनी उचलून तळघरात, घर तापवणाऱ्या भट्टीजवळ वाळत घातला.