खुर्चीवाल्यांनी विकत घेतलेला मोडेम

आमच्या शेजारच्या दारावर नावाची पाटी आहे, पण ती कोणी वाचत नाही. सगळे त्यांना खुर्चीवाले म्हणतात. आयुष्यभर त्यांनी खुर्च्या भाड्याने दिल्या. लग्नाला, सभेला, आणि कोणी गेलं की दाराशी बसणाऱ्यांना. पुढे त्यात आजाऱ्यांचे लोखंडी पलंग आले.

या धंद्यात त्यांनी एक पथ्य पाळलं. खुर्च्या न्यायला आलेल्याला ते विचारत, "किती दिवसांसाठी?" पलंग न्यायला आलेल्याला हे कधीच विचारलं नाही. "कुठे पोचवू?" एवढंच. गिऱ्हाईक आपणहून महिन्याच्या गोष्टी करू लागलं तर म्हणत, "आधी न्या तर खरं. बाकीचं मागाहून बघू." मी एकदा कारण विचारलं. म्हणाले, "अहो, आतल्या खोलीतला माणूस ऐकत असतो. आपल्यासाठी पलंग किती दिवसांचा आणलाय, हे त्याच्या कानावर कशाला जायला हवं?" पलंग परत आणायला ते हमाल पाठवत नसत, स्वतः जात. घरातल्यांचे डोळे पुसून झालेले नसतात आणि आपण दारात उभे, यासारखं वाईट काम नाही, असं म्हणत.

म्हातारपणी त्यांनी दुकान आवरलं. एक पलंग तेवढा घरी ठेवला, कारण तोवर वहिनींची, म्हणजे त्यांच्या पत्नीची, छाती बिघडली होती. डॉक्टर धड काही सांगत नव्हते, आणि धड सांगत नव्हते यातच सगळं आलं. एकुलती एक मुलगी परदेशात. "मला आईचा चेहरा रोज बघायचाय," असं ती म्हणाली आणि तिने एक टॅबलेट पाठवून दिला. पण मोबाइलच्या इंटरनेटवर चित्र अडकायचं. आई तोंड उघडं ठेवून गोठलेली दिसली की मुलगी तिकडे घाबरून किंचाळायची. म्हणून घरात केबलचं इंटरनेट घ्यायचं ठरलं.

केबलच्या ऑफिसात ते मला घेऊन गेले. अशा ठिकाणी ते बिचकतात. मीही बिचकतो, पण दोघं मिळून एक धीट माणूस होतो, असं त्यांचं म्हणणं.

"काका, मोडेम विकत हवाय की भाड्याने?" काउंटरवरच्या मुलीने विचारलं.

"फरक काय?"

"भाड्याचा असेल तर दर महिन्याच्या बिलात लागतो. तुम्ही बंद केलंत की आमचा माणूस येऊन घेऊन जातो. विकत घेतलात की तुमचा. दोनेक वर्षं वापरणार असाल तर विकत परवडतो. त्याच्या आत बंद करायचं असेल तर भाड्याने घ्या." आणि मग तिने सहज विचारलं, "किती दिवसांसाठी हवाय?"

खुर्चीवाले काउंटरला बांधलेल्या पेनची दोरी बोटाभोवती गुंडाळत राहिले. बिचारीची काही चूक नव्हती.

"घरी विचारून सांगतो," एवढं बोलून ते बाहेर पडले.

घरी आल्यावर त्यांनी मुलीला फोन लावला. त्यांना कमी ऐकू येतं, त्यामुळे स्पीकर चालूच असतो.

"भाड्यानेच घ्या ना बाबा," मुलगी म्हणाली. "दोन वर्षांचा विचार कशाला करायचा आत्ता? आपल्याला कुठे एवढे..." तिथे ती थांबली. "म्हणजे, नवीन नवीन निघत असतं ना रोज."

"बरोबर बोललीस गं बाई," वहिनी पलंगावरून म्हणाल्या. "घ्या हो भाड्याने. पोरीने माझ्या मुदतीचा विचार केलाय, तुम्हाला तेवढं सुचलं नाही." आणि हसल्या. हसण्याचा खोकला झाला आणि बराच वेळ थांबला नाही.

"आई, मला तसं म्हणायचं नव्हतं!"

"तसंच म्हणायचं होतं. चिडले का मी?"

दुसऱ्या दिवशी खुर्चीवाले मला न सांगता एकटेच गेले आणि मोडेम विकत घेऊन आले. माणूस येऊन जोडून गेल्यावर वहिनींना म्हणाले, "हा आपला. हा न्यायला कोणी यायचं नाही."

"म्हणजे आता वसूल होईपर्यंत मला मरायची चोरी," वहिनी फणकारल्या. पण त्या दिवशी त्यांनी केस विंचरून मागितले.

मुलगी रोज दिसू लागली. कामाला जायच्या गडबडीत आपला फोन कुठेतरी टेकवायची, त्यामुळे बऱ्याचदा वहिनींना तिची हनुवटी आणि छत तेवढं दिसायचं. त्यांना ते पुरत होतं. महिने गेले आणि कोणाच्या ध्यानीमनी नसताना वहिनी सुधारू लागल्या. उठून खुर्चीत बसल्या, मग स्वयंपाकघरापर्यंत गेल्या. एकदा मुलीने बिलाचं विचारलं, तेव्हा खुर्चीवाल्यांनी मोठ्या अभिमानाने सांगितलं, "भाडं कसलं? विकतच घेतलाय."

"अरे वा," मुलगी म्हणाली. "छान केलंत बाबा. आता निवांत."

आणि ती खरंच निवांत झाली. रोजचा फोन दिवसाआड आला, मग फक्त रविवारी, मग "या रविवारी जमत नाही गं" असा नुसता निरोप. तिला नोकरी आहे, मुलं आहेत, तिकडचं घड्याळ उलटं आहे. मरायला टेकलेल्या आईसाठी ती पहाटे उठत होती. बऱ्या झालेल्या आईसाठी किती दिवस उठेल?

एका संध्याकाळी मी तिथे बसलो असताना वहिनी म्हणाल्या, "भाड्यानेच घेतला असता तर बरं झालं असतं."

"वेड लागलंय का तुला?"

"मुदत होती तोवर पोर रोज येत होती. तुम्ही मुदतच काढून टाकलीत."

दुसऱ्या दिवशी खुर्चीवाले आणि मी पुन्हा केबलच्या ऑफिसात. "हा परत घेऊन आम्हाला भाड्याचा द्याल का?" त्यांनी विचारलं. काउंटरवरची मुलगी हसली. "काका, लोक याच्या उलट करतात. विकलेला आम्ही परत घेत नाही."

घरी आल्याआल्या त्यांनी मुलीला फोन लावला. भिंतीकडे तोंड करून उभे राहिले आणि म्हणाले, "तो मोडेम काढून टाकला. भाड्याचा घेतलाय."

"का हो बाबा?"

"असंच. म्हटलं, महिन्या-महिन्याने बघू."

"डॉक्टर काही म्हणाले का?"

"डॉक्टर काय म्हणणार."

"आईला द्या. नको, राहू दे, पडू दे तिला. मी उद्या करते. रोज करते."

तिने शब्द पाळला. हल्ली मी संध्याकाळी चहाला जातो तेव्हा वहिनी खुर्चीत ताठ बसून मटार सोलत असतात, खुर्चीवाल्यांना टोमणे मारत असतात. टॅबलेट वाजू लागला की ताट माझ्या मांडीवर ठेवून त्या पलंगावर आडव्या होतात, चादर गळ्यापर्यंत ओढतात. खुर्चीवाले ऑक्सिजनची नळी, जी वहिनींना आता लागत नाही, त्यांच्या नाकाशी नीट बसवतात. मशीन बंदच असतं. दोघं एकमेकांकडे बघत नाहीत.

"हं, आता उचला," वहिनी बारीक आवाजात म्हणतात.