दोन नवव्या आणि वर्तकबाई

वर्तकबाईंच्या जपानमधल्या, फुनाबोरीच्या घरी कोणी पदकांची फाइल घेऊन आलं, की त्या ती दोन्ही हातांनी अदबीने घ्यायच्या आणि न उघडता फ्रिजवर ठेवून द्यायच्या. मग चष्मा बदलून म्हणायच्या, "हं. आता नववीची गुणपत्रिका." आईबाप गडबडायचे. मुलगा बारावीत, अमेरिकेतल्या कुठल्याशा विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने त्याला स्वतःहून ईमेल केलेला, आणि या बाई नववीचं विज्ञान विचारतायत! कोणी कुरकुर केली तर त्यांचं ठरलेलं वाक्य होतं : "कागदाला दम लागत नाही. तो तुमच्या पोराच्या आधी तिकडे पोचतो."

बाई मूळच्या सांगलीच्या. मोरिता नावाच्या अबोल जपानी माणसाशी लग्न करून चाळीसेक वर्षं इथे होत्या, पण इथल्या आम्हा मराठी लोकांनी त्यांचं माहेरचं आडनाव काही सोडलं नाही. शाळांच्या कागदपत्रांचं इंग्रजीत भाषांतर करणं हा त्यांचा व्यवसाय. अमेरिकेत कॉलेजकडून खेळायचं तर कुठले विषय लागतात, किती गुण लागतात, याची जाडजूड नियमावली असते. ती प्रशिक्षक वाचत नाहीत, पालक वाचत नाहीत आणि खेळाडूंनी वाचावी अशी कोणाची अपेक्षाही नसते. बाईंनी ती अथपासून इतिपर्यंत वाचली होती आणि दर वर्षी बदललेली पानं पुन्हा वाचायच्या.

एकदा एका ज्यूदो खेळणाऱ्या मुलाचे वडील माझ्यासमोर त्यांच्याशी भांडले होते.

"अहो बाई, शारीरिक शिक्षणात पाचपैकी पाच आहेत त्याला!"

"ते धरत नाहीत."

"धरत नाहीत? मग तो जातोय कशासाठी?"

"ज्यूदोसाठी. पण दार उघडणार गणित. आणि गणितात तुमचे चिरंजीव दोनवर आहेत."

मी हसलो होतो. दुसऱ्याच्या मुलाचं गणित नेहमीच विनोदी असतं.

माझी मुलगी इरा ब्रेस्टस्ट्रोक पोहायची. बारावीत असताना एका मोठ्या विद्यापीठाच्या प्रशिक्षकाने व्हिडिओ कॉलवर तिला "तू आमचीच" असं सांगितलं. बातमी आमच्या मंडळाला कळली आणि मंडळाने भाड्याचा हॉल घेऊन तिचा सत्कार ठरवला. अजून प्रवेश व्हायचाय, असं मी म्हणून पाहिलं. पण हॉल मिळाला होता. अध्यक्षांनी पोहण्याची कला मुळात आपल्याकडूनच जगभर कशी गेली हे अर्धा तास सांगितलं. इराने खांद्यावरची शाल सावरत दोनदा घड्याळ पाहिलं. तिला सहाच्या सरावाला जायचं होतं.

पुढच्या रविवारी आम्ही दोघं बाईंकडे गेलो. मी कावासाकीला एका कंपनीत सॉफ्टवेअरचं काम करतो. दिवसभर लोकांना "आधी अटी वाचा" असं सांगतो, त्यामुळे घरच्या कामात अटी वाचायची ताकद उरत नाही. बाईंनी दोन कागद शेजारी शेजारी ठेवले.

"अहो परांजपे, ही दोनदा नववीत का बसली?"

मी सांगितलं. इराची नववी पुण्यात झाली आणि लगेच मार्चअखेर आम्ही इथे आलो. वॉर्ड ऑफिसातल्या माणसाने तिचं वय पाहिलं आणि इथल्या माध्यमिक शाळेच्या शेवटच्या वर्गात घातलं. तो वर्ग म्हणजे नववीच. पुढच्या शाळेत जायला प्रवेशपरीक्षा, आणि पोरीला जपानीचं अक्षर येत नव्हतं. एक वर्ष भाषेला मिळालं म्हणून मी तर सुटकेचा निःश्वास टाकला होता.

बाईंनी दोन्ही कागदांवरच्या तारखा बोटाने जुळवून पाहिल्या. मग म्हणाल्या, "नववीत पाऊल टाकलं की घड्याळ सुरू होतं. चार वर्षं. पहिल्या नववीपासून. पाचव्या वर्षी शिकलेले विषय मोठी विद्यापीठं मोजत नाहीत. हिचं पाचवं वर्ष आत्ता चालू आहे, आणि त्याशिवाय विषय पुरत नाहीत."

"पण ती नापास थोडीच झालीय!"

"नियमाला ते दिसत नाही."

मग मी जे बोललो, ते ऑफिसात उशीर झालेलं काम ग्राहकाच्या गळ्यात मारताना बोलतो त्याच आवाजात बोललो. "बाई, पुण्याची नववी आपण पाठवलीच नाही तर? इथल्या कागदांवर तिचा उल्लेखसुद्धा नाही."

बाईंनी चष्मा काढला. "तुम्ही खुशाल पाठवू नका. मग भाषांतराला दुसरं कोणी बघा."

"एका कागदाचा तर प्रश्न आहे."

"आहे ना. पण तो हिचा आहे. हिला विचारा."

इरा इतका वेळ फोनमध्ये होती. मान वर न करता ती म्हणाली, "यादा." हट्टाने 'नको' म्हणायचं असलं की ती जपानीत म्हणते. मग मराठीत, माझ्याकडे बघून : "मी पास झाले होते, बाबा."

"अगं, नाही कोण म्हणतंय?"

तिने तो पुण्याचा कागद उचलला आणि बाईंच्या हातात दिला. वयच अडाणी आहे, असं मी मनाशी म्हटलं.

दोन्ही नवव्या अमेरिकेला गेल्या. तीन आठवड्यांनी प्रशिक्षकाचा दोन ओळींचा ईमेल आला. त्यातली एक ओळ शुभेच्छांची होती. मंडळाने ते फार समजूतदारपणे घेतलं, म्हणजे विषय काढायचं बंद केलं. मी बाईंकडे जायचं बंद केलं. त्या सायकलवरून समोरून आल्या की मी पेयांच्या मशीनसमोर उभा राहून, काय घ्यावं याचा गंभीरपणे विचार करायचो. चाळिशी उलटलेल्या माणसाला हे शोभत नाही हे कळत होतं. तरी मी ते आठ महिने केलं.

इरा मात्र दर गुरुवारी सरावानंतर त्यांच्याकडे जात होती, हे मला बायकोकडून फार उशिरा कळलं. लहान विद्यापीठांना तो चार वर्षांचा नियम लागू नव्हता. दोघी मिळून त्यांना पत्रं लिहीत होत्या. बहुतेकांनी उत्तर दिलं नाही. एकाने दिलं, आणि पुढच्या ऑगस्टमध्ये इरा अमेरिकेतल्या एका थंड, छोट्या गावी गेली. त्या गावाचं नाव कोणाला नीट उच्चारता येईना, त्यामुळे सत्कारही टळला. मी बाईंना फोन करून आभार मानले. "माझे कसले? पोहायचंय तिला," त्या म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला, कारण दारात कोणी वेटलिफ्टर उभा होता.

या फेब्रुवारीत बाई गेल्या. इराच्या स्पर्धा चालू होत्या, तिला येता आलं नाही. बाईंच्या यजमानांना, मोरिता-सानना, सांत्वनाचं पत्र मी ऑफिसातल्या कोणाकडून नीट जपानीत लिहून घेऊ का, असं मी विचारलं. "नको. मी पाठवलंय," ती म्हणाली.

मी भेटायला गेलो तेव्हा मोरिता-साननी ते पत्र माझ्यापुढे ठेवलं. हाताने लिहिलेली दोन पानं, भरगच्च. इतकी वर्षं इथे राहून मला स्टेशनांची नावं आणि कचरा टाकायचे वार एवढंच वाचता येतं. त्यांच्या ते लक्षात आलं. त्यांनी पत्र परत घेतलं आणि ते मला कळेल अशा सोप्या जपानीत, एकेक वाक्य करून सांगायला लागले.

"लिहिलंय की, ती इथे आली त्या वर्षी पुण्याच्या मैत्रिणी दहावीत गेल्या. फोनवर त्या विचारायच्या, तू नापास झालीस का? वर्षभर विचारायच्या. शाळेतून परत येताना ती बागेतल्या नळावर तोंड धुऊन मग घरी यायची." ते थांबले. "तुम्हाला माहीत होतं?"

"नव्हतं," मी म्हणालो.

"हिला होतं," बाईंच्या फोटोकडे बघत मोरिता-सान म्हणाले, आणि त्यांनी दुसरं पान वाचायला घेतलं.